नऊ नंबरच्या कापडाबाबत पुरवणी जबाब

दिनांक १८ मे १९६६, सकाळी १० वाजता.

मी गुरुदास भिवा तारी, वय २२ वर्षे, जात हिंदू गाबीत, धंदा शिडे शिवणे, शिक्षण मराठी सहावी, राहणार मिठबाव, तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी. समक्ष हजर राहून लिहून देतो की, दिनांक १३ रोजी दिलेल्या जबाबात मी एक गोष्ट खोटी सांगितली. ती अशी की, अमेरिकन चित्रकार नेथन टोलिव्हर यांनी स्वतःच्या हाताने माझा भाऊ बाळा याला शिडासाठी कापड दिले. त्यांनी दिले नाही. माझ्या जबाबावरून ते पाच दिवस कोठडीत आहेत. म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे. अक्षर माझे आहे.

नेथनसाहेब, वय अंदाजे ४५, वर्ण काळा, हे नोव्हेंबर १९६४ पासून तेरेझा फर्नांडिस यांच्या माडीवर राहतात. तेरेझाबाय पूर्वी मुंबईत आया होत्या, त्यांना इंग्रजी येते. साहेबांचे बोलणे मला त्या सांगत. साहेब मला कापडाच्या पट्ट्या जोडायला देत. एक चित्र बारा-बारा हात लांब असे. ते चौकटीवर ताणत नसत, वाशांना दोरीने टांगत. चित्रात माणूस, झाड, देव काही नसे. नुसता रंग, कापडात मुरलेला. बाळा प्रथम पाहायला आला तेव्हा म्हणाला, "आमच्यासारखो काळो, आणि सायब कसो रे? आणि ह्या चित्र म्हणता? माजी लुंगी ह्येच्यापेक्षा बरी रंगली हा." तेरेझाबायने ते इंग्रजीत सांगितले. साहेब हसले व त्यांनी लुंगी विकत मागितली.

शिवता शिवता त्यांनी स्वतःची हकिकत सांगितली ती अशी. त्यांचे वडील अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका बंदरात तंबू व दुकानांपुढची कापडी छते शिवत. त्या गावच्या चित्रांच्या इमारतीत काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. साहेब चौदा वर्षांचे असताना वडिलांबरोबर तेथे छत बांधायला गेले व शिडीवर उभे राहून खिडकीतून त्यांनी चित्रे पाहिली. महायुद्धात ते फौजेत ट्रकांवर नंबर रंगवत. नंतर सरकारी खर्चाने चित्रकला शिकले. न्यूयॉर्क शहरात पंधरा वर्षांत त्यांची तीन चित्रे विकली गेली. गोरे लोक विचारत, तुमच्या लोकांचे चेहरे का काढत नाही. त्यांचे लोकही तेच विचारत. १९५९ साली त्यांनी चौकटी टाकून दिल्या. म्हणाले, माझ्या बापाचे कापड कधी चौकटीत नव्हते, वाऱ्यात होते.

एरवी ते कापडाला आधी सरस लावत. सरसामुळे रंगातले तेल कापडाला लागत नाही. नऊ नंबरच्या चित्राला त्यांनी मुद्दाम सरस लावला नाही, कारण रंग आत जायला हवा होता. हे कापड तेलाने आतून जळत, म्हणजे विरत जाईल, ते टांगावे, ओढू नये, असे त्यांनी मला समजावले होते. मला समजले होते.

दिनांक २ मे रोजी साहेब प्रदर्शनाची जागा पाहायला मुंबईस गेले. खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. दिनांक ६ रोजी बाळाच्या होडीचे शीड खालून फाटले. पावसापूर्वीचे शेवटचे दिवस होते. नवीन कापड तळेऱ्याहून पुढच्या गुरुवारी यायचे होते. बाळा म्हणाला, "सायबाकडे थानच्या थान पडला हा. काप एक." मी म्हटले, "ता चित्र आसा, बाळा." तो म्हणाला, "चित्र? मगे माझ्या शिडार लाव. गाव तरी बघतलो." तेलाची गोष्ट मी त्याला सांगितली नाही. तो मला सायबाचो चेलो म्हणून चिडवत असे.

मी नऊ नंबरमधून पाच हात लांब, तीन हात रुंद तुकडा कापला. जाडी शिडाशी जुळत होती. दुहेरी शिवण घातली.

दिनांक १० रोजी दुपारी साहेब परत आले. नोव्हेंबरात प्रदर्शन ठरले होते. किनाऱ्यावर तेरेझाबाय त्यांना आधी आपल्या बोलीत म्हणाल्या, "नेथन, तुजा चित्र दर्यार चल्लां," मग इंग्रजीत. साहेबांनी शीड पाहिले. चित्र कापले म्हणून ते रागावले नाहीत. उद्या होडी जायच्या आत तो तुकडा काढ, एवढेच म्हणाले. तेरेझाबायने ते मला दोनदा सांगितले. "कळ्ळां मां, गुरुदास?" मी होय म्हटले.

घरी जाऊन मी बाळाला काही सांगितले नाही. तो निघाला तेव्हा मी जागा होतो.

दिनांक ११ रोजी साडेअकराच्या सुमारास वावटळ आली. शीड फाटले, होडी आडवी होऊन खडकावर गेली. बाळा, वय २९, याचा देह दुसऱ्या दिवशी मिळाला. त्याच्याबरोबर होडीवर असलेला भिकाजी खवणेकर, वय १९, अद्याप मिळालेला नाही. तळेऱ्याचे कापड गुरुवारी वेळेवर आले.

दिनांक १३ रोजी फौजदारसाहेबांनी कापड कोणी दिले असे विचारले. वाडीतले लोक उभे होते, माझी वहिनी, बाळाची बायको सुगंधा होती. मी नेथनसाहेबांचे नाव सांगितले. नेथनसाहेब एवढेच म्हणाले की, कापड माझे आहे. तेरेझाबाय काही बोलणार होत्या, पण साहेबांनी त्यांना इंग्रजीत काही सांगितले व त्या गप्प राहिल्या. काल त्या माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "भाव गेलो हा त्येचो, गप ऱ्हव, असा नेथनान माका सांगितल्यान. तुका कोणी सांगितल्यान?"

आज मला किनाऱ्यावर मिळालेला शिडाचा तुकडा दाखवला. रंग निळा, खाली तांबडा, मागे कोपऱ्यात नऊचा आकडा. तो मी ओळखतो. टाके माझे आहेत. मोजून पाहिले, चौऱ्यांशी भरले. एकही सुटलेला नाही. कापड शिवणीला लागून फाटले आहे.

इथपर्यंतचा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. बाहेर ओट्यावर सुगंधावहिनी माझ्यासाठी पेज घेऊन बसली होती. वाचून संपल्यावर ती तेथे नव्हती. पेजेचे तपेले ओट्यावरच आहे. लिहिले ते सर्व खरे आहे, त्यातले एक अक्षरही मला बदलायचे नाही.

सही
गुरुदास भिवा तारी