प्रीपोन झालेलं साक्षगंध

इंग्रजीचं ज्ञान मले नको शिकवू गा दिलीप, माझ्या घरचेच रिटायर प्रोफेसर आहेत. आमचे साळे, बायकोचे थोरले भाऊ.

पोरीचं साक्षगंध संध्याकाळी होतं. हॉलवाल्यानं ऐन वेळी संध्याकाळची दुसरीच पार्टी घेतली. म्हणून म्या आदल्या दिवशी फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'कार्यक्रम प्रीपोन झाला आहे, दुपारीच या.'

साहेबांचं लगेच उत्तर, 'प्रीपोन असं क्रियापदच नाही.'

पोरीनं डिक्शनरीचा फोटो टाकला. त साहेब म्हणे, 'शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडात होतं, पण अर्थ होता समोर मांडणं. तिथं तो शब्द कधीच मेला. तुम्ही इथे त्याचं मढं मिरवताय!' रात्रीपर्यंत लेक्चर चाललं. बाकीचे बिचारे नमस्काराचे हात पाठवून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगठ्या झाल्या, पंगती उठल्या, कुही गावचे पाहुणे परतही गेले, पण मामाचा पत्ता नाही. ज्यानं मेसेजचा एवढा कीस काढला त्याले वेळ तोंडपाठ असंन, असं आम्ही धरून चाललो. फोन लावला त उचलेना. साहेब घरी घोरून राहिले होते.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "भाऊजी, मी कोट घालून हॉलमध्ये उभा आहे. इथं कोणाचा तरी वाढदिवस चाललाय. तुम्ही सगळे कुठं आहात?"

बायकोनं माझ्या हातातून फोन हिसकला. "दादा, तो शब्द मेला म्हणत होता ना तू? मंग त्याची तेरवी समज अन् तिथंच जेवून घे!"