धूपछाव ड्रॅगन

…आणि वर पोरगी मलाच म्हणायची, "अप्पा, श्वास सोडू नका!" अहो, श्वास सोडू नका म्हणजे काय? छप्पन्न वर्षं सोडतोय मी श्वास, दाजीबानपेठेत, कापडाच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर, आजवर एकानं तक्रार केली नाही! पण नाही, ड्रॅगनचा डोळा रंगवायचा म्हणजे श्वास धरायचा. डोळा केवढा? मोहरीएवढा! त्यात पिवळा भरायचा, पिवळ्यात काळी उभी रेघ, आणि त्या रेघेच्या कडेला परत पांढरा ठिपका, म्हणजे म्हणे डोळा ओला दिसतो. त्याचा कसला, माझाच ओला व्हायची वेळ आलेली!

तुम्हाला सांगतो, मी या फंदात पडणारा माणूस नव्हे. हा सगळा आमच्या प्रियांकाचा नाद. प्रियांका म्हणजे आमची एकुलती एक. सत्तावीस वर्षांची, नोकरी बेंगळूरच्या कंपनीत, काम मात्र हुबळीतून, आमच्या माडीवर बसून. आणि काम संपलं की हे रंगकाम! टेबलावर मांडून खेळायचे कसले तरी खेळ असतात, त्यातले राक्षस, भुतं, ड्रॅगन… राखाडी प्लास्टिकचे येतात, रंगवायचे आपण. यमुना, म्हणजे आमचं कुटुंब, ती पहिल्या दिवशी म्हणाली, "अगं, ही पाल का आणलीस घरात?" शेजारच्या कन्नड बाई बघायला आल्या, त्या म्हणाल्या, "हल्ली!" म्हणजे कन्नडमध्येही पालच. प्रियांका चिडून लाल. "आई, पालीला पंख असतात का?"

तर ह्या वीतभर ड्रॅगनवर ती चार महिने बसलेली. ऑगस्टात बेंगळूरला अशा रंगवणाऱ्यांची स्पर्धा. आणि तीन आठवडे राहिले असताना ही धारवाडला गेली, सप्तापूरला मैत्रिणीकडे. धारवाडचा तो जिटीजिटी पाऊस माहीत आहे ना? पडतोय की नाही तेही कळत नाही, पण रस्ता मात्र तूप लावल्यासारखा! स्कूटर घसरली. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर.

रडली असती तर बरं झालं असतं हो. रडलीच नाही. घरी आली, डाव्या हातानं ड्रॅगन उचलला, एक पंख झालेला, दुसरा पंख आणि सगळं अंग अजून कोरं… खोक्यात ठेवला, डाव्या हातानंच स्टूल ओढलं, आणि खोकं कपाटाच्या वर सरकवून दिलं. जेवताना म्हणे, "भाजी चांगली झाल्ये." हिला दोडका आवडत नाही! दोडक्याला चांगला म्हणाली म्हणजे पोरगी किती खचली असेल, विचार करा.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आलो, स्टुलावर चढलो, खोकं उतरवलं. म्हटलं, "तू सांगायचं, मी करायचं." ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही दुकानाची पाटी रंगवली होती. 'वस्त्र'मधला 'स्त्र' खाली गटारापर्यंत ओघळला होता." खोटं कशाला बोला, ओघळला होता. पण मी म्हटलं, अगं, बघूया तरी काय होतंय ते!

झालं. इथूनच सगळं सुरू झालं.

पहिला आठवडा ड्रॅगनला हात नाही लावू दिला. चमचे! प्लास्टिकचे चमचे दिले पंधरा, सरावाला. काळा लाव, वाळव, वर हा लाव, तो लाव. दुकानातून मी सहाला निघायचो, पूर्वी आठला निघणारा माणूस. यमुना विचारायची, "काय करायलाय वर दोघं?" मी म्हणायचो, "चमचे रंगवतोय." ती परत काही विचारायची नाही. तीस वर्षांच्या संसारात बाईला कळतं, कुठं थांबावं.

पण गंमत ऐका. कोरड्या ब्रशचा एक प्रकार असतो. ब्रश रंगात बुडवायचा आणि कागदाला पुसून टाकायचा. सगळा! मी म्हटलं, पुसायचाच होता तर बुडवला कशाला? ती म्हणाली, "आता खवल्यांवरून फिरवा." फिरवला… अहो, एकेक खवला उठून उभा राहिला! खोलात अंधार, टोकांवर उजेड. ब्रशमध्ये रंग नाही आणि ड्रॅगनवर आहे! मी तीन वेळा चष्मा पुसून बघितलं.

आणि मग आला तो रंग. बदलणारा. एका बाजूनं हिरवा, मान वळवली की जांभळा. पांढऱ्या चमच्यावर लावला, काही नाही, पाण्यासारखा. काळ्या चकचकीत चमच्यावर लावला… आई शप्पथ! मी चमचा फिरवतोय, हिरवा, जांभळा, हिरवा, जांभळा… आणि ती मला शिकवायला लागली, "अप्पा, हा उजेड कसा वाकतो माहितेय…" मी म्हटलं, थांब! हे मला शिकवतेस? हा धूपछाव आहे! उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, खण हलवला की रंग बदलतो. आजोबांपासून विकतोय आम्ही! खाली गेलो, दुकानातून आणलेला गुळेदगुड्डचा खण घेऊन आलो, दिव्याखाली धरला. एका हातात खण, एका हातात चमचा. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या धंद्यातलं काही तिनं असं डोळे मोठे करून बघितलं. "हे असं विणतात? म्हणजे दोन्ही रंग कायम असतातच? बघणारा हलतो फक्त?" रात्रीचं जेवण थंड झालं, यमुना खालून हाका मारून थकली, आणि आम्ही दोघं खण हलवतोय.

आता उरलेला रंग होता थोडासा, वाटीत. फेकणार कसा? दुकानात साड्या नेसवायच्या बाईचा पुतळा आहे. नखं पांढरी. म्हटलं, बघूया तरी काय होतंय ते! आधी काळा, वर हा, दहाच्या दहा नखं रंगवली. त्याच दिवशी अंबूताई आल्या, धारवाडच्या निवृत्त शिक्षिका, आमचं जुनं गिऱ्हाईक. साडी राहिली बाजूला, पुतळ्याचा हात धरून उभ्या! "गणपतराव, ह्या रंगात खण दाखवा." आता काय दाखवू? नखातला रंग आहे तो! सोळा खण काढले. प्रत्येक खण नखाला लावून बघतात, "अय्यो, हा नव्हे!" शेवटी काहीच न घेता गेल्या, पण जाताना विचारून गेल्या, "ती बाटली कुठं मिळते?"

असो. तर ड्रॅगन झाला. पंख झाला, अंग झालं, डोळे झाले, श्वास न सोडता झाले. राहिलं फक्त वरचं व्हार्निश, फवाऱ्याचं. प्रियांका म्हणाली, "अप्पा, बाहेर भुरभुर आहे, हवा ओली आहे. आज मारायचं नाही. हातसुद्धा लावू नका." आणि आईबरोबर हात दाखवायला दवाखान्यात गेली.

आता मला सांगा. माणसाला "मारू नका" असं सांगावं, "मारलं तर काय होईल" ते सांगू नये, आणि घरात एकटं सोडावं… ही चूक कुणाची? मी दहा मिनिटं डब्याकडे बघत बसलो. बघूया तरी काय होतंय ते!

फुस्स… फुस्स… छान वाटलं. मग हळूहळू पांढरं. दुधाची साय धरावी तसा ड्रॅगन पांढरा! हिरवा गेला, जांभळा गेला, डोळ्याला मोतीबिंदू! रुमालानं पुसलं, जात नाही. फुंकर मारली, जात नाही. चार महिने तिचे, अडीच आठवडे माझे. मी खुर्चीत बसलो आणि ड्रॅगन मांडीवर. जिन्यावर पावलं वाजली तरी उठलो नाही.

तिनं बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मीच केलं." तेवढंच. ती माझ्या शेजारी खाली जमिनीवर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. आणि यमुना दारातून म्हणाली, "एवढं काय झालंय? थंडीत कातडं पांढरं पडतं तसंच दिसतंय की. तेलाचं बोट फिरवा."

तेलाचं बोट! आम्ही दोघं हसलो सुद्धा. पण आता घालवायला होतं काय? गोडं तेल आणलं, थेंबभर, मऊ ब्रशनं पंखाच्या टोकाला… अहो, हिरवा! मागोमाग जांभळा! जिथं तेल, तिथं रंग परत! यमुना म्हणते, "बघा." जसं काही रोज ड्रॅगनच पुसते! पंख झाले, पाठ झाली, तोंड झालं, पोटाकडे वळलो तर प्रियांका ओरडली, "थांबा अप्पा! खाली राहू दे ते पांढरं!" लांब धरून बघितलं तर ढगातून वर येतोय हो ड्रॅगन!

स्पर्धेच्या अर्जावर तिनं खरं तेच लिहिलं. 'डोकं प्रियांकाचं, हात अप्पांचा, तेल आईचं.' बेंगळूरवाले म्हणाले, दोनतीन माणसांनी मिळून केलेलं स्पर्धेत चालत नाही. पण टेबलावर ठेवला त्यांनी, मधोमध, आणि जो तो विचारतोय म्हणे, हे धुकं कसं आणलं? प्रियांका मला फोनवर सांगते, "अप्पा, काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, "धंद्याचं गुपित आहे म्हणून सांग."

परवा प्लास्टर काढलं. मनगट छान जुळलंय, बोटं हलतात, डॉक्टर खूश, यमुना खूश. संध्याकाळी मी नेहमीसारखा सहाला दुकानातून आलो, हात धुतले, चष्मा पुसला, वर गेलो… तर ही नवीन ड्रॅगन घेऊन बसलेली. स्वतःच्या हातानं रंगवत. ब्रश एकच काढलेला. मला म्हणाली, "अप्पा, आलात? बसा ना, बघा."

बसलो. बघितलं. पुन्हा खाली आलो.

आनंदच आहे हो! पोरीचा हात बरा झाला, बापाला आणखी काय पाहिजे? फक्त त्या डॉक्टरांनी… म्हणजे मला त्यातलं काही कळत नाही… पण जरा घाईच केली, असं आपलं मला वाटतं.