मागच्या डाव्या सीटचा आवाज

भागवतच्या गाडीतला आवाज बंद झाला, असं रामहरी मिस्त्रीनं जाहीर केलं. ते त्यानं जाहीर केलंच नाही, असं भागवतनं धरलं. देवगाव फाट्यावरच्या त्या गॅरेजात स्कूटीचं पंक्चर निघायची वाट बघत बसलेल्या भक्तीला पुढचं सगळं ऐकावं लागलं.

"मिस्त्री, हे उंच शॉकअप टाकल्यापासून मागं धाडधाड वाजायलंय."

"आत्ता वालूरपर्यंत जाऊन आलो की. चकार आवाज न्हाई."

"तुमी बसल्यावर न्हाई वाजत. सासरे बसले की वाजतंय."

"त्यांच्या वजनाची दोन पोती टाकून बघितली न्हाई का?"

"पोती गप बसतेत हो! मामा खड्डा दिसला की आधीच उठतेत, अन् मग धपकन आदळतेत."

"मग आणा मामाला. ते आदळल्याबिगर शॉकअपचा कोणता रबरी बुश गेला ते कळना."

"आवाज बंद झाल्याबिगर ते गाडीत पाय ठेवनात. लेकीलाबी धाडनात. महिना झाला, ज्ञानेश्वरी माहेरीच हाय!"

"मग लेखी बोलवा त्यांना. जुनी माणसं कागदाला मान देतेत."

भागवत भक्तीकडे वळला. "ताई, अक्षर चांगलं हाय का?"

भक्तीनं पेन काढलं आणि तो सांगेल तसं लिहिलं:

"प्रति, श्री. माणिकराव, मु. पो. वालूर. विषय: आदळण्याकरिता हजर राहणेबाबत. महोदय, आपण सोमवारी सकाळी नऊ वाजता मागच्या डाव्या सीटवर स्वतः उपस्थित राहून किमान सात खड्ड्यांवर नेहमीप्रमाणे आदळावे, व चाचणी संपताच आपल्या कन्येस त्याच वाहनाने सासरी रवाना करण्यास मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती."