आठवड्यातून दोनदा

डॉक्टरीणबाईंना नुसती कंबरदुखी सांगायची, असं शिवणकाम करणाऱ्या बाईनं घरूनच ठरवलं होतं. खरं दुखणं वर्षभर तिच्या ओठांवर आलं नव्हतं. दवाखान्यात तिच्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरली तपासणीला आलेली, धाकटी सोबतीला.

“ताई, आज भारी खुशीत आहात!”

“अगं, मलम लागू पडलं! पाळी गेल्यापासून खाली नुसता कोरडेपणा आणि आग. लघवीला गेलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.”

“हळू बोला ना!”

“तीन वर्षं हळूच बोलले, म्हणून तर सोसलं. या वयात तिथली कातडी पातळ होते म्हणे. त्यावर इस्ट्रोजेनचं मलम आत लावायचं. आधी दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा.”

“हार्मोन? भीती नाही वाटली?”

“वाटली, म्हणून विचारलं. मात्रा अगदी थोडी, काम तिथल्या तिथं. माझी जुनी दुखणी विचारून मगच दिलं बाईंनी.”

“आणि भावजी?”

“त्यांना वाटायचं, मी रुसलेय. आता स्वतःच आठवण करतात, आज मलमाचा वार म्हणून!”

“इश्श! ताई… मलापण हाच त्रास, दीड वर्ष झालं हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठं बोललात!”

दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. तेवढ्यात शिवणकामवालीचा नंबर आला.

“बोला, काय त्रास होतोय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बाहेर त्या मलमवाल्या ताई सांगताहेत ना,” ती खुर्ची पुढं ओढत म्हणाली, “अगदी तोच.”