भात राहिलाय!

मला आधी खटकलं ते बशीचं माप. अगं, आपण चटणी वाढतो ना, तेवढीच! ह्यांना साखर कारखान्यानं माद्रिदला पाठवलं होतं. आठ दिवस ह्यांच्याशिवाय माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, साताऱ्याचं पत्रही नव्हतं. मग एका भारी हॉटेलात मला बसवून, जेवण सांगून हे मीटिंगला गेले. "तू सुरू कर," म्हणाले.

बटाटे, काकडी, सगळं चिमूटभर. मला वाटलं, ही ताटाची डावी बाजू; भात वाढल्याशिवाय हात कसा लावायचा? तासभर उपाशी बसले. वेटर भरलेल्या बशा उचलायला लागला, तशी घाबरून मराठीतच ओरडले, "अहो, भात राहिलाय!"

सगळे वळून बघायला लागले. शेजारी एकट्याच जेवणाऱ्या आजीबाईंनी बशी माझ्या पुढ्यात परत सरकवली आणि काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण सूर माझ्या वाईच्या आत्याचाच: "अगं, जेव की!"