डोळे मिटून हुंगा

मोहर्लीहून चंद्रपूरला निघालेल्या बसमध्ये शकुबाई मोहफुलांचं गाठोडं पायाशी धरून बसली होती. पुढच्या सीटवरचे दोन शहरी बाप्ये असे काही तावातावानं बोलत होते, की कान बंद करायची सोयच नव्हती.

“प्रफुलभाऊ, आपल्या वाइन क्लबात पहिला नंबर घेतला तुमी!”

“घरी बनवली, हेमराज. मोहाची. गिलास घुमवा, डोळे मिटून हुंगा, का पुरं जंगल नाकात!”

“परीक्षकाचे तं डोळे भरून आले.”

“पण काही लोकं गटागट पिऊन राह्यले होते ना! अरे, वाइन चाखाची न् थुकाची. पेते ते बेवडे.”

“मंग आपण गाडी रिसॉर्टवर ठेवून बसनं काऊन चाललो?”

“थुकता थुकता जाते थोडी पोटात.”

“भाऊ, हा सडका वास कायचा येऊन राह्यला?”

“मागच्या बाईच्या गाठोड्याचा. ओ बाई, काय भरलं त्यात? शेवटच्या सीटवर नेऊन ठेवा, मळमळून राह्यलं.”

शकुबाईनं गाठोड्याची गाठ सोडली आणि ते दोघांच्या मधोमध, पार नाकापाशी नेलं.

“मोह हाय, भाऊ. डोळे मिटून हुंगा, पुरं जंगल येते नाकात. न् मळमळलंच, तं थुका खिडकीतून. तुमाले तं सवय हाय.”