मंडळाची पहिली मागणी

लॅन्सिंगच्या विधानभवनात आमदारबाईंच्या दारासमोर मी माझ्या कामासाठी ताटकळत होतो. बाकावर शेजारी आमच्याच उत्तरेकडच्या व्यापारी मंडळाची दोघं होती, बेकरीवाली हेल्मी कोस्की आणि मोटेलवाला डेल पेलकी.

"डेल, दहाच मिनिटं मिळणार आहेत. आधी पाळणाघराचं बोलायचं."

"आधी रस्ता! बर्फात ट्रक अडकला तर तुझ्या बेकरीत मैदा कुठून येणार?"

"मैदा पडून आहे. मळणाऱ्या दोघी पोरं सांभाळत घरी बसल्यात. गावातलं एकुलतं पाळणाघर बंद झाल्यापासून मंगळवार-बुधवार मी दुकान उघडतच नाही."

"पोरं सांभाळणं हा घरचा प्रश्न. आपण धंद्याचं बोलायला आलोय."

"तुझी चारही पोरं बायकोनं वाढवली, म्हणून असं बोलतोस."

"त्यात काय एवढं अवघड?"

तेवढ्यात दार उघडलं. आमदारबाईंच्या कडेवर त्यांची वर्षभराची मुलगी भोकाड पसरून रडत होती.

"माफ करा हं, आमचं पाळणाघर आज बंद आहे आणि सभागृहात मतदानाची घंटा झालीय. जरा धरता का हिला?"

मुलीला डेलच्या मांडीवर ठेवून बाई पळाल्यासुद्धा.

"हेल्मी, घे ना हिला."

"मी मागण्यांची यादी वाचतेय."

"अगं, माझा टाय चावतेय ती!"

"चावू दे."

"हेल्मी! पँट ओली झाली माझी!"

"तू रस्त्याचा मुद्दा पाठ कर."

अर्ध्या तासानं बाई धापा टाकत परतल्या.

"हं, बोला. मंडळाची पहिली मागणी कोणती?"

"पाळणाघर," डेल म्हणाला.

"आणि दुसरी?"

"आधी हिला घ्या, मग आठवेल."